वणव्याच्या धुरातला कार्बन मोजायचा कसा?

हवेतल्या कणांचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला साधा असतो: हे कण डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, तर त्यांचं वजन करतात तरी कसं? दुसरा जरा खवचट असतो. गाड्या शहरात, कारखाने शहरात, वीटभट्ट्या शहराच्या वेशीवर. मग शास्त्रज्ञ मंडळी लाखमोलाची यंत्रं गाडीत घालून रानावनात कशाला जातात? तिथे धूर सोडायला आहे कोण?

आधी खवचट प्रश्नाकडे वळू. त्याचं उत्तर मिळालं की पहिल्या प्रश्नातली अडचण नेमकी कुठे आहे ते आपोआप दिसायला लागतं.

१. रानात जायचं कशाला?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन नावाचं शहर आहे. त्याच्या ईशान्येला समुद्रात घुसलेला जमिनीचा एक सुळका आहे, त्याचं नाव गन पॉइंट. तिथे 'ऑस्ट्रेलियन ट्रॉपिकल ॲटमॉस्फेरिक रिसर्च स्टेशन' नावाचं हवा मोजण्याचं केंद्र आहे. २०१४च्या जून महिन्यात अनेक संस्थांचे संशोधक आपापली यंत्रं घेऊन तिथे जमले आणि महिनाभर त्यांनी हवेतली प्रत्येक गोष्ट मोजली. मोहिमेचं नाव होतं 'सॅफायर्ड', म्हणजे कोरड्या ऋतूच्या सुरुवातीच्या सॅव्हाना-आगींचा अभ्यास.

सॅव्हाना म्हणजे काय? विरळ झाडं आणि त्यांच्यामध्ये गवतच गवत. उत्तर ऑस्ट्रेलियात असा प्रदेश सुमारे १९ लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे. झाडं मुख्यतः निलगिरीच्या जातींची. गवतात एक जात फार महत्त्वाची आहे, ती चक्क ज्वारीच्या वंशातली. तिथला पावसाळा आपल्या उलट, साधारण डिसेंबर ते मार्च. त्या पावसात ही रानज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते आणि मे उजाडेपर्यंत वाळायला लागते. मग एक ठिणगी पुरते. पुणे-सोलापूरकडच्या माळांवर होळीच्या आसपास कुसळी गवताचा वणवा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचं चित्र वेगळं सांगायला नको. फरक आकाराचा आहे: तिथे दरवर्षी काही लाख चौरस किलोमीटर जमीन जळते.

जगाचा हिशेब केला, तरी दरवर्षी आगीखाली येणाऱ्या जमिनीतला मोठा वाटा घनदाट अरण्यांचा नसतो, तो सॅव्हानाचा असतो. अरण्य पेटलं की बातमी होते, गवत पेटलं तर होत नाही, एवढंच. तेव्हा रानात धूर सोडणारा कोणी नाही, ही समजूत मुळातच चूक.

आणखी एक कारण आहे. मुंबईच्या किंवा पुण्याच्या चौकात हवा खेचली तर तिच्यात डिझेल, बांधकामाची धूळ, शेगड्या, फटाके, कचऱ्याची आग असं सगळं एकत्र येतं. त्यातून गवताच्या धुराचा वाटा वेगळा काढणं महाकठीण. गन पॉइंटला वारा जंगलावरून आला तर त्यात गवताचा धूर आणि झाडांचा श्वास, एवढंच असतं; समुद्रावरून आला तर मीठ. स्रोत मोजके असले की प्रत्येकाची ओळख पटवता येते. एकदा ती पटली की मग तीच ओळख घेऊन शहरात शोधाशोध करता येते.

२. 'कार्बन' हे आडनाव आहे

आता एक गुंता सोडवू. वाळलेल्या गवताच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग कार्बनचा असतो. गवत पेटलं की तो कुठे जातो?

बहुतेक सगळा वायू होऊन जातो. मायनराट आंद्रेए आणि पास्काल मेर्ले या दोघांनी २००१ मध्ये जगभरातल्या मोजमापांची छाननी करून सरासरी काढली. त्यांच्या मते सॅव्हानातलं १ किलो कोरडं इंधन जळलं की सुमारे १,६१३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ६५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड निघतो. (किलोभर गवतातून दीड किलोच्या वर वायू कसा, असं वाटेल. उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.) कणांच्या रूपात जो कार्बन उडतो तो किती? काळा कार्बन ०.४८ ग्रॅम आणि सेंद्रिय कार्बन ३.४ ग्रॅम. संपला हिशेब.

म्हणजे किलोमागे चार ग्रॅमही नाही. पण एका हेक्टरवर ४ टन गवत-पाला जळला असं धरा: काळा कार्बन जवळपास २ किलो आणि सेंद्रिय कार्बन साडेतेरा किलो. आता हेक्टरच्या जागी लाखो चौरस किलोमीटर ठेवून पाहा.

हे दोन प्रकार कोणते? काळा कार्बन म्हणजे काजळी. कंदिलाच्या काचेवर धरते तीच. तिचे मूळ गोळे अतिसूक्ष्म असतात, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या दोन-पाच पट एवढे. ते साखळीने एकमेकांना चिकटतात. ही काजळी सूर्यप्रकाश सगळ्या रंगांचा शोषते आणि हवा तापवते. सेंद्रिय कार्बन म्हणजे अर्धवट जळलेल्या लाकडा-गवताची रसायनं, डांबरासारखी, साखरेसारखी, आम्लासारखी, हजारो प्रकारची. त्यांतली बरीचशी रंगहीन असतात आणि प्रकाश नुसता विखुरतात. काही मात्र पिवळट-तपकिरी असतात. त्यांना तपकिरी कार्बन म्हणतात आणि ती निळा व अतिनील प्रकाश शोषतात. चुलीवर वर्षानुवर्षं धूर खाल्लेल्या आढ्याचा रंग निव्वळ काळा नसतो, त्यावर तपकिरी चकाकी असते. ती ह्यांची.

कुठला प्रकार जास्त निघणार, हे आग कशी जळते त्यावर ठरतं. गवत भडकून जळतं तेव्हा ज्वाळा असते, उष्णता जास्त असते, काजळी बनते. ओलसर पाला, पडलेलं खोड धुमसतं तेव्हा ज्वाळा नसते; पांढुरका, डोळ्यांत पाणी आणणारा धूर निघतो आणि त्यात सेंद्रिय कार्बनच फार.

आग भडकलेली होती की धुमसत होती, हे कित्येक किलोमीटर दूर बसूनही सांगता येतं. समजा धूर येण्याआधी हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत ३९६ होता आणि धूर आल्यावर ४४३ झाला, म्हणजे ४७ने वाढला. कार्बन मोनॉक्साइड त्याच वेळी ३ने वाढला. दोन्ही मिळून वाढ ५०, त्यातली पूर्ण जळलेली ४७. भागाकार ०.९४. हा आकडा ०.९च्या वर असला की आग मुख्यतः भडकलेली, खाली घसरला की धुमसणारी. (आंद्रेए-मेर्ले यांच्या सरासरी आकड्यांवरून हाच भागाकार काढला तरी ०.९४च येतो, गवताची आग भडकूनच जळते, याचा तो पुरावा.) धूर वाटेत पातळ झाला तरी दोन्ही वायू सारख्याच प्रमाणात पातळ होतात, म्हणून गुणोत्तर टिकून राहतं.

३. हवा नळीत शिरताना

कण मोजण्याआधी ते यंत्रापर्यंत धड पोचवावे लागतात. पुस्तकांत या भागाला दोन ओळी मिळतात, प्रत्यक्षात निम्मा जीव इथेच जातो.

छपरावर एक नळी उभी असते. तिच्या तोंडाला जाळी, कारण उष्ण प्रदेशात संध्याकाळी दिव्याभोवती जेवढे किडे असतात तेवढेच नळीतही शिरू पाहतात, आणि किडासुद्धा कार्बनचाच बनलेला असतो. जाळीनंतर सायक्लोन नावाचा छोटा धातूचा डबा. हवा त्यात गरगर फिरते, जड कण भिंतीवर आपटून खाली पडतात आणि ठरावीक आकाराहून बारीक कणच पुढे जातात. ही सीमा बहुधा अडीच किंवा एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे का करायचं? उसाचं पाचट जाळलं की गच्चीवर वाळत घातलेल्या धोतरावर काळ्या तुसांचा पाऊस पडतो ना, ती तुसं कार्बनचीच, पण ती तासाभरात जमिनीवर येतात. दोन-तीन तुसं जरी फिल्टरवर बसली तरी दिवसभराच्या बारीक धुराचा हिशेब बिघडतो. परागकण, मातीची धूळ यांचंही तेच. दिवसेंदिवस तरंगणारे, ढगांपर्यंत आणि फुप्फुसांच्या तळापर्यंत जाणारे कण बारीक असतात. मोजायचे ते.

त्यानंतर हवा सुकवायची. दमट हवेत धुराचे कण पाणी पिऊन फुगतात, आणि मग मोजलेला आकार कणाचा की पाण्याचा ते कळत नाही.

आणि वीज? ओसाड जागी वीज नसली की जनरेटर येतो, आणि जनरेटर काजळी ओकतो. ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा तीच आपण बरोबर घेऊन गेलो, असा प्रकार. म्हणून जनरेटर शक्य तितका दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवतात. शिवाय वाऱ्याची दिशा दर मिनिटाला नोंदतात आणि ज्या ज्या वेळी वारा जनरेटरकडून किंवा गाडीरस्त्याकडून आला त्या वेळचे आकडे सरळ काढून टाकतात. चांगल्या मोहिमेच्या अहवालात किती आकडे टाकून दिले, हे मी आधी शोधतो. एकही टाकला नसेल तर शंका येते.

४. तापवून मोजणं

कार्बन मोजायचा एक जुना मार्ग सरळ आहे: फिल्टरवर कण गोळा करा, फिल्टर तापवा, निघालेला कार्बन मोजा. फिल्टर कागदाचा चालत नाही, कारण कागद म्हणजेच कार्बन. प्लॅस्टिकचाही नाही. म्हणून क्वार्ट्‌झच्या, म्हणजे गारगोटीच्या, तंतूंचा पांढराशुभ्र फिल्टर घेतात. तोसुद्धा डब्यातून काढला तसा वापरत नाहीत. भट्टीत काहीशे अंश सेल्सियसला तासन्‌तास भाजतात, आधी चिकटलेला सगळा कार्बन जाळून टाकतात, मग भाजलेल्याच ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळतात. पुढे त्याला बोट लागता कामा नये, चिमट्यानेच उचलायचा. बोटाच्या ठशातलं तेल म्हणजेसुद्धा कार्बनच.

काही फिल्टर तर फक्त प्रवास करतात. यंत्रात बसवतात, पंप सुरू न करता काढतात, गुंडाळून परत आणतात. ह्यांना कोरे फिल्टर म्हणतात. त्यांवर जो कार्बन सापडतो तो हवेचा नसून हाताळणीचा, आणि तो प्रत्येक खऱ्या मोजमापातून वजा करायचा.

समजा एका पंपाने मिनिटाला १ घनमीटर या वेगाने चोवीस तास हवा ओढली. १,४४० घनमीटर झाली. फिल्टरच्या कणांनी झाकलेल्या भागाचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर. त्यातून दीड चौरस सेंटिमीटरचा तुकडा पंचाने कापला. त्यात सेंद्रिय कार्बन ४८ मायक्रोग्रॅम निघाला. कोऱ्या फिल्टरच्या तुकड्यात ३ निघाला होता, तो वजा करून ४५. पूर्ण फिल्टरवर ४५ × ४०० ÷ १.५ = १२,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १२ मिलिग्रॅम. त्याला १,४४०ने भागलं की घनमीटरमागे ८.३ मायक्रोग्रॅम. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण रीत हीच.

आता खरी मेख. तुकड्यातला सेंद्रिय कार्बन कुठे संपतो आणि काजळी कुठे सुरू होते, हे ठरवायचं कसं? युक्ती अशी: आधी तुकडा हीलियम वायूत तापवायचा. ऑक्सिजनच नाही, तेव्हा काजळी जळू शकत नाही. सेंद्रिय द्रव्यं मात्र वाफ होऊन उडून जातात. ती मोजायची. मग थोडा ऑक्सिजन सोडायचा, काजळी जळते, तीही मोजायची. कागदावर हे छान दिसतं.

पण कढईत साखर घालून ती नुसती तापवत ठेवा. ती सगळी वाफ होऊन जात नाही. वितळते, तपकिरी होते आणि शेवटी कढईच्या बुडाला काळा कोळसा धरते. साखरेत कोळसा नव्हता, आपण तापवून तो बनवला. फिल्टरवरच्या सेंद्रिय द्रव्यांचंही असंच होतं. गवता-लाकडाच्या धुरात तर साखरेच्या नात्यातलीच द्रव्यं भरपूर. मग दुसऱ्या टप्प्यात जे जळतं, त्यात मूळची काजळी किती आणि आपणच करपवलेली किती?

यावर तोडगा लेझरचा आहे. तापवताना तुकड्यावर सतत तांबडा लेझर रोखलेला असतो. सेंद्रिय द्रव्यं करपू लागली की फिल्टर काळवंडतो आणि लेझरचा उजेड कमी पोचतो. ऑक्सिजन सोडला की काळेपणा जळू लागतो, उजेड पुन्हा वाढतो. ज्या क्षणी उजेड अगदी सुरुवातीला होता तेवढा झाला, त्या क्षणी करपलेला माल संपला असं धरायचं. त्यानंतर जळतो तो मूळचा काळा कार्बन. या रीतीने मोजलेल्या काळ्या कार्बनला 'मूलकार्बन' असं वेगळं नाव आहे, कारण तो काळा असल्यामुळे नव्हे तर उष्णतेला दाद देत नाही म्हणून ओळखला गेला.

युक्ती सुंदर आहे, पण बिनचूक नाही. हीलियममध्ये किती अंशांपर्यंत तापवायचं, यावर जगात एकमत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांसाठीची 'इम्प्रूव्ह' ही रीत ५८० अंशांवर थांबते, युरोपातली एक रीत ६५० अंशांवर, आणि 'नायॉश' नावाची रीत ८५० अंशांच्याही वर जाते. त्याच फिल्टरचे दोन तुकडे दोन रीतींनी तपासले तर एकूण कार्बन सारखाच येतो, पण मूलकार्बन दुपटीनेसुद्धा वेगळा येऊ शकतो! वणव्याच्या धुरात आणखी एक विघ्न: गवताच्या राखेत पोटॅशियम भरपूर असतं, आणि ते काजळीला कमी तापमानालाच जळायला लावतं. म्हणून सॅव्हानातल्या मूलकार्बनचा आकडा कुणी सांगितला, तर पहिला प्रश्न 'कुठल्या रीतीने?' हाच असला पाहिजे. नुसता आकडा अर्धवट माहिती आहे.

५. उजेडाने मोजणं

फिल्टरच्या मोजणीला दुसरी अडचण वेळेची. चोवीस तासांत एक आकडा. वणव्याचा लोट केंद्रावरून वीस मिनिटांत निघूनही जातो.

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत टिहोमिर नोवाकोव्ह यांच्या गटात टोनी हॅन्सन यांनी यावर उपाय काढला; १९८४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. यंत्राचं नाव एथॅलोमीटर. पांढऱ्या फिल्टरच्या पट्टीवर सतत हवा सोडायची, कणांचा एक ठिपका तयार होतो. ठिपक्यातून उजेड आरपार सोडायचा आणि तो दर मिनिटाला किती घटतो ते पाहायचं. ठिपका फार काळा झाला की पट्टी आपोआप पुढे सरकते.

हिशेब किती सोपा आहे ते बघा. ठिपका अर्धा चौरस सेंटिमीटर, हवेचा प्रवाह मिनिटाला ५ लिटर. पाच मिनिटांत २५ लिटर हवा गेली. तेवढ्यात अवरक्त उजेड, ८८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, १ टक्क्याने घटला. या यंत्राच्या जुन्या नमुन्यात १ ग्रॅम काजळी १६.६ चौरस मीटर एवढा उजेड अडवते असं गृहीत धरलेलं आहे. गुणाकार-भागाकार केला की हवेत घनमीटरमागे १.२ मायक्रोग्रॅम काळा कार्बन. घटलेला एक टक्का उजेड डोळ्यांना कधीच कळणार नाही, यंत्राला कळतो.

मात्र १६.६ हा आकडा हवेतल्या काजळीचा नाही. फिल्टरच्या तंतूंमध्ये उजेड इकडून तिकडे आपटत राहतो आणि त्याच काजळीला पुन्हा पुन्हा गाठतो, म्हणून तो फुगलेला आहे. शिवाय ठिपका भरत गेला की नव्या कणांवर जुन्यांची सावली पडते आणि यंत्र कमी सांगू लागतं. नव्या यंत्रांत म्हणून दोन ठिपके असतात, एकावर हवा भरभर, दुसऱ्यावर सावकाश. दोघांच्या फरकावरून चूक कळते. गन पॉइंटला याच्या जोडीला आणखी एक यंत्र होतं. ते आरपार गेलेला उजेड मोजतंच, पण फिल्टरवरून मागे परतलेलाही मोजतं, आणि पांढऱ्या कणांमुळे होणारा घोळ त्यातून वजा करतं.

एथॅलोमीटर सात रंगांचा उजेड वापरतो, आणि इथे तपकिरी कार्बन पकडला जातो. निव्वळ काजळीचा नियम असा की तरंगलांबी निम्मी केली की शोषण दुप्पट. ९५० नॅनोमीटरला शोषण १० असेल तर ४७५ला २०. तिथे प्रत्यक्षात ४० मिळालं तर? वरचे २० काजळीचे नव्हेत. निळा रंग गिळणारं दुसरं काहीतरी हवेत आहे. धुमसणाऱ्या लाकडाचा धूर नेमका असा वागतो, डिझेलचा वागत नाही. सॅव्हानात लाल माती असेल तिथे सावध राहावं लागतं, कारण मातीतला लोहाचा गंजही निळा रंग गिळतो. सायक्लोनने धूळ गाळली होती ती इथे उपयोगी पडते.

६. ताजा धूर, शिळा धूर, आणि झाडांचा वाटा

किती, ते कळलं. कुणाचा?

गवताच्या आणि लाकडाच्या पेशीभिंती सेल्युलोजच्या असतात. सेल्युलोज सुमारे ३०० अंशांच्या वर तापलं की तुटून लेव्होग्लुकोसान नावाची एक साखर बनते. डिझेल जाळून ती मिळत नाही, कोळशाच्या वीजकेंद्रातून निघत नाही. फिल्टरवर ती सापडली की तिथे गवत किंवा लाकूड जळलं, हे नक्की.

गन पॉइंटला हे काम मिनिटामिनिटाला करणारं एक यंत्र होतं, कणांचा वस्तुमान-वर्णपटमापक. ते कण निर्वातात ६०० अंशांच्या पृष्ठभागावर आदळवून वाफ करतं आणि वाफेचे रेणू फोडून तुकड्यांची वजनं नोंदतं. ६० वजनाचा तुकडा त्या धुरातल्या साखरेची खूण. ४४ वजनाचा तुकडा ऑक्सिजन भरपूर असल्याची, म्हणजे धूर उन्हात बराच वेळ राहून 'शिळा' झाल्याची खूण. एवढ्या महागड्या यंत्राला काजळी मात्र दिसत नाही, कारण ती ६०० अंशांना वाफ होत नाही. म्हणून शेजारी एथॅलोमीटर लागतोच.

त्या महिन्यात या यंत्राला जे कण दिसले, त्यांतलं सुमारे ९० टक्के वजन सेंद्रिय पदार्थांचं होतं. जवळपास आग लागली की आकडे उसळत, आणि पाच मोठ्या आगींचे लोट रासायनिकदृष्ट्या एकमेकांसारखे निघाले नाहीत. ४४ वजनाच्या तुकड्याचा वाटा एका आगीत ६ टक्के, तर दुसरीत १८. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते जवळपास आगी नसतानाच्या हवेचं विश्लेषण. तिच्यातल्या सेंद्रिय कणांपैकी थेट वणव्याच्या धुराचे २४ टक्के, शिळे, ऑक्सिजन खाल्लेले ४७ टक्के, आणि २८ टक्के आयसोप्रीनपासून बनलेले. आयसोप्रीन हा वायू निलगिरीसारखी झाडं उन्हात पानांतून सोडतात. म्हणजे जवळ आग नाही, माणूस नाही, तरी हवेत कार्बनचे कण आहेत आणि त्यांतला पाव हिस्सा झाडांनीच घातलेला आहे. 'शुद्ध हवा म्हणजे शून्य कण' ही कल्पना त्यामुळे सोडावी लागते.

धूर गवताचा की झाडाचा, हे ओळखण्याची एक खुबी पश्चिम आफ्रिकेत वापरली गेली. आयव्हरी कोस्टमध्ये लामतो नावाचं, १९६२ पासून चालू असलेलं संशोधन केंद्र आहे. तिथल्या सॅव्हानात ताडाची झाडं उभी असतात, आपल्या ताडाच्याच प्रजातीतली. फ्रान्सच्या एलेन काशिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात अशा उष्ण प्रदेशांतल्या कणांमधला जड कार्बन मोजायला सुरुवात केली. निसर्गातल्या कार्बनचा साधारण १.१ टक्का भाग जरा जड अणूंचा असतो. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि सॅव्हानातली बहुतेक गवतं हा जड कार्बन थोडा जास्त राखतात; झाडं, भात, गहू थोडा कमी. ठरलेल्या प्रमाणाशी तुलना केली तर गवत हजारात सुमारे १२ने कमी भरतं, झाड सुमारे २७ने.

मग हवेतल्या कणात १९.५ची तूट निघाली, तर? बरोबर मधोमध; निम्मा धूर गवताचा, निम्मा झाडांचा. पण काशिए यांच्या गटाला आढळलं की गवताच्या धुराचे कण मूळ गवतापेक्षा हलके निघतात. समजा गवताच्या धुराची तूट १२ऐवजी १६ धरली. आता तोच १९.५चा कण पुन्हा मांडा: झाडापासून अंतर ७.५, दोन टोकांतलं अंतर ११, म्हणजे गवताचा वाटा ६८ टक्के. तोच कण, तेच यंत्र, आणि उत्तर निम्म्यावरून दोनतृतीयांशावर गेलं! त्यामुळे गवत जाळून त्याच्या धुराची आधी वेगळी मोजणी केल्याशिवाय या खुबीवर भरवसा टाकता येत नाही.

७. या आकड्यांचं पुढे काय होतं?

उत्तर ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी हजारो वर्षं कोरड्या ऋतूच्या आरंभी मुद्दाम छोट्या छोट्या आगी लावत आले. मे-जूनमध्ये गवतात अजून ओल असते, रात्री दव पडतं, आग संध्याकाळी आपोआप विझते. जमिनीवर जळलेले आणि न जळलेले पट्टे तयार होतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सगळं कोरडं झाल्यावर लागणारी भयंकर आग त्या पट्ट्यांवर अडते. लोक जमिनीवरून हटले तशी ही पद्धत मोडली आणि उशिराच्या आगी वाढल्या. २००६ पासून पश्चिम आर्नहेम लँडमध्ये सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर, म्हणजे आपल्या कोकण विभागाहून जरा कमी क्षेत्रावर, तिथल्याच रहिवाशांच्या वनरक्षक गटांनी ती पुन्हा सुरू केली. उशिराच्या आगी घटल्याने वर्षाला एक लाख टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन वाचतं असा हिशेब धरला गेला, आणि डार्विनमधल्या नैसर्गिक वायूच्या प्रकल्पाने त्याचे पैसे या गटांना दिले. २०१२ मध्ये सरकारने ही रीत अधिकृत केली.

हा हिशेब मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड या दोन वायूंचा आहे. कार्बन डायऑक्साइड त्यात नाही, कारण पुढच्या पावसात गवत उगवून तो परत घेतं. काळा कार्बन, तपकिरी कार्बन, सेंद्रिय कण यांतलं काहीही त्यात नाही. आणि इथे लवकरच्या आगीची बाजू थोडी गुंतागुंतीची होते. ओल्या गवतात आग धुमसते जास्त, म्हणजे किलोमागे सेंद्रिय कण जास्त. पण हेक्टरमागे जळणारं इंधन कमी, कारण मोठी खोडं पेटत नाहीत. दोन परिणाम उलट दिशांना ओढतात. यात कोणता भारी ठरतो हे गुणाकाराने ठरतं: जळलेलं क्षेत्र, गुणिले हेक्टरमागे जळलेलं इंधन, गुणिले किलोमागे उडालेले कण. पहिला आकडा उपग्रह देतो, दुसरा गवत कापून, वाळवून, तराजूवर ठेवून मिळतो, आणि तिसऱ्यासाठी भाजलेला फिल्टर, लेझर आणि एथॅलोमीटर घेऊन धुराच्या वाटेवर बसावं लागतं. जूनमध्ये एकदा आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा एकदा.